निघायचं ठरलं, पण सीमा कुठे आखायची?

तुमचा प्रश्न असा: २०१६ मध्ये ब्रिटिश जनतेनं युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला, मग प्रत्यक्ष बाहेर पडायला २०२० का उजाडलं? आणि संसदेत, टीव्हीवर, रस्त्यावर एवढी वर्षं वाद चालला, तरी आपल्या पदरात काय पडणार हे लोकांना शेवटपर्यंत का कळलं नाही?

मी कस्टम्सच्या कामातला माणूस. न्हावा शेव्याला सात वर्षं क्लिअरिंग एजंटकडे शिपिंग बिलं भरली आणि २००३ पासून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदरात तेच काम करतोय. ब्रेक्झिटच्या राजकारणावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी सांगणार ते माझ्या टेबलावर आलेल्या कागदांवरून. त्या कागदांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली: दोन देशांचे नियम वेगळे झाले की त्यांच्यामध्ये कुठेतरी सीमा येतेच. ती इकडची तिकडे सरकवता येते, पुसून टाकता येत नाही. ब्रिटनमधला वाद या गोष्टीला बगल देऊन चालला, म्हणून तो इतका लांबला.

आधी मतपत्रिका बघा. २३ जून २०१६ ला लोकांना एवढंच विचारलं होतं की युनायटेड किंगडमनं युरोपीय संघाचं सदस्य राहावं की संघ सोडावा. ७२ टक्के लोकांनी मतदान केलं. ५१.९ टक्के म्हणाले सोडा, ४८.१ टक्के म्हणाले राहा. कौल लागला, त्याबद्दल वाद नाही. पण सोडून कुठे जायचं याचा एक शब्दही मतपत्रिकेवर नव्हता. आपल्याकडे एकत्र कुटुंबात वेगळं व्हायचं एका संध्याकाळी ठरतं. खरी कसोटी नंतर लागते. बांध कुठून घालायचा, सामाईक विहिरीवर पाण्याची पाळी कशी लावायची, मागच्या शेतात जायची वाट कोणाच्या रानातून ठेवायची. इथे तर १९७३ पासूनचा, ४३ वर्षांचा एकत्र संसार होता.

मी राहायच्या बाजूनं मत दिलं. हो, मला मत होतं. तेव्हा माझा पासपोर्ट भारतीय होता, पण ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना या सार्वमतात मतदान करता येत होतं. याउलट, स्विंडनला राहणारं माझ्या ओळखीचं एक गोव्याचं कुटुंब पोर्तुगीज पासपोर्टावर आलेलं. गोव्यात १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं, आणि त्या वाटेनं हजारो गोंयकार इंग्लंडात आले. ते कुटुंब युरोपीय संघाचं नागरिक म्हणून इथे होतं, या निकालावर त्यांचं राहणं-कमावणं अवलंबून होतं आणि त्यांनाच मत नव्हतं. मतदानाच्या दिवशी त्या घरातल्या काकींनी फोनवर मला विचारलं, "आमचं काय होणार ते कुठल्या कागदावर लिहिलंय?" कुठल्याच नव्हतं.

तरीही एक सांगतो, सोडा म्हणणाऱ्यांना अडाणी ठरवणं मला कधी पटलं नाही. लिंकनशायरमधल्या बॉस्टनला ७५ टक्क्यांहून जास्त लोकांनी सोडा म्हणून मत दिलं, देशात सर्वाधिक. भाजीपाल्याच्या शेतांचा तो भाग, माझ्या कामाचा. दहा-पंधरा वर्षांत पूर्व युरोपातून मजूर आले, गावाचा तोंडवळा बदलला, घरभाडी वाढली, दवाखान्यात रांगा लागल्या आणि लंडनमधल्या कोणी त्यांना विचारलं नाही. आपले कायदे आपल्या संसदेत व्हावेत हे म्हणणंही काही वेडेपणाचं नव्हतं. दोष त्यांच्या मताचा नव्हता. त्या मताची किंमत काय आणि ती कोणत्या रूपात मोजायची हे त्यांच्यापुढे प्रामाणिकपणे मांडलं गेलं नाही.

प्रचारात आकडे होते, पण कसले? सोडा म्हणणाऱ्यांच्या लाल बसवर लिहिलं होतं की आपण आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपीय संघाला पाठवतो. ब्रिटनला मिळणारी सूट त्यातून वजाच केलेली नव्हती, आणि देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणानं त्यावर जाहीर आक्षेप घेतला होता. दुसऱ्या बाजूनं अर्थखात्यानं सांगितलं की बाहेर पडलो तर २०३० पर्यंत प्रत्येक कुटुंबामागे वर्षाला ४,३०० पौंडांचा फटका बसेल. हा आकडा लोकांनी धमकी म्हणूनच ऐकला. मतदानाच्या दोन आठवडे आधी टोनी ब्लेअर आणि जॉन मेजर हे दोन माजी पंतप्रधान, एक मजूर पक्षाचा आणि एक हुजूर पक्षाचा, उत्तर आयर्लंडमधल्या (हा भाग युनायटेड किंगडममध्ये, दक्षिणेचा आयर्लंड स्वतंत्र देश आणि युरोपीय संघात) डेरीला एकत्र गेले आणि म्हणाले, इथल्या सीमेचं काय करणार याचा विचार करा. पुढची चार वर्षं ज्या मुद्द्यावर वाटाघाटी अडल्या, तो मुद्दा त्यांनी आधीच पुढे ठेवला होता. इंग्लंडच्या प्रचारात तो दोन दिवससुद्धा टिकला नाही.

आता थोडं कामाचं, कारण याशिवाय पुढचं कळणार नाही. 'कस्टम्स युनियन' आणि 'सिंगल मार्केट' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या चार वर्षांत टीव्हीवर बोलणाऱ्या निम्म्या लोकांनी त्यांची गल्लत केली. कस्टम्स युनियन म्हणजे आतल्या देशांत एकमेकांच्या मालावर ड्युटी नाही आणि बाहेरच्या मालाला सगळ्यांचा दर एकच. सिंगल मार्केट म्हणजे मालाचे नियम एक: खाद्यपदार्थ, औषधं, यंत्रं, खेळणी यांचा दर्जा एका देशानं मान्य केला की सगळीकडे चालतो, आणि त्याबरोबर माणसांना कुठेही जाऊन काम करायची मुभा.

यातली एकच गोष्ट असली तर काय होतं, त्याची दोन उदाहरणं युरोपच्या नकाशावरच आहेत. नॉर्वे सिंगल मार्केटमध्ये आहे, कस्टम्स युनियनमध्ये नाही. नॉर्वे आणि स्वीडन यांच्यातली सीमा सुमारे १,६०० किलोमीटरची. दोन शेजाऱ्यांचं अगदी गूळपीठ. तरी स्विनेसुंडला लॉऱ्या थांबतात, ड्रायव्हर कागद घेऊन खिडकीवर जातो. तुर्कस्तानाचं उलट: १९९५ च्या अखेरीपासून कारखान्यातल्या मालापुरता कस्टम्स युनियनचा करार, पण सिंगल मार्केट नाही. बल्गेरियाच्या सीमेवर कापिकुलेला लॉऱ्यांच्या रांगा किलोमीटरच्या किलोमीटर लागतात. म्हणजे सीमेवर काहीच थांबू नये असं वाटत असेल तर दोन्ही गोष्टी लागतात.

ब्रिटन दोन्हींत होतं, म्हणून आमचं काम सोपं होतं. नाशिकची द्राक्षं रॉटरडॅमला उतरली आणि तिथे एकदा सुटली, की पुढे लॉरीनं बर्मिंगहॅमला न्यायला आणखी एक डिक्लरेशन, म्हणजे कस्टम्सला द्यायचं मालाचं विवरणपत्र, लागत नसे. नाशिकहून माल भरून निघालेला ट्रक पुण्याच्या मार्केट यार्डात जावा तसा माल जाई. डोव्हरला गर्दीच्या दिवशी दहा हजारांच्या आसपास लॉऱ्या फेरीतून चढत-उतरत, आणि युरोपातल्या मालाला तिथे थांबायचं कारणच नव्हतं. तिथे मोठी तपासणीची जागा बांधलेलीच नव्हती, कारण लागलीच नव्हती.

जानेवारी २०१७ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी जाहीर केलं की ब्रिटन सिंगल मार्केट सोडणार आणि कस्टम्स युनियनही. हा निर्णय सार्वमतात विचारलेला नव्हता. तो त्यांनी लावलेला अर्थ होता. त्यांच्या बाजूनं एवढं म्हणेन की माणसांची मुक्त ये-जा थांबवायची असेल तर सिंगल मार्केटमध्ये राहता येत नव्हतं. पण त्याच श्वासात त्यांनी असंही वचन दिलं की आयर्लंडमध्ये पूर्वीसारखी सीमा परत येणार नाही. त्या दिवशी दुपारी ऑफिसात आम्ही तिघं जण चहा घेत भाषण ऐकत होतो. आमचा एक सहकारी बेलफास्टचा. तो म्हणाला, "मग डिक्लरेशन कुठे भरणार? समुद्रात?" पुढे तसंच झालं.

आयर्लंडची ती सीमा नीट समजून घ्या. ५०० किलोमीटरच्या आसपास लांबी आणि ओलांडायचे रस्ते दोनशेहून जास्त. काही ठिकाणी सीमा शेताच्या मधून जाते. उत्तरेतल्या गोठ्यातलं दूध दक्षिणेतल्या डेअरीत जातं. डब्लिनला बनणारी गिनेस बिअर टँकरनं बेलफास्टला जाऊन डब्यांत भरली जाते आणि परत येते. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये राहावं की आयर्लंडमध्ये जावं यावरून पेटलेल्या तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. सीमेवरच्या कस्टम्स चौक्या आणि लष्करी नाके हे तेव्हा हल्ल्यांचं लक्ष्य असत. चौक्या १९९३ च्या आरंभी सिंगल मार्केट आल्यावर गेल्या, लष्कराचे बुरुज १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर उतरले. त्या रस्त्यावर पुन्हा एक कस्टम्सचा कॅमेरा लावायचा म्हटला तरी तो कोण तोडणार आणि त्याच्या रक्षणाला कोण उभं राहणार, हा प्रश्न तिथल्या पोलिसांना खरोखरच पडलेला होता.

आता हिशोब मांडा. लंडनला तीन गोष्टी हव्या होत्या. एक, ब्रिटननं सिंगल मार्केट आणि कस्टम्स युनियन सोडायचं. दोन, आयर्लंड बेटावर सीमा नको. तीन, उत्तर आयर्लंड आणि उरलेलं ब्रिटन यांच्यामध्येही सीमा नको. यातल्या कुठल्याही दोन घ्या, तिसरी सुटते. याला चौथी वाट नाही. मी तोवर वीस वर्षं कागद भरत आलो होतो, म्हणून 'तंत्रज्ञानानं सीमा दिसेनाशी करू' असं मंत्री म्हणायचे तेव्हा मला राग यायचा. आमचं सगळं काम तेव्हाही संगणकावरच होतं. संगणकावर डिक्लरेशन पाठवता येतं, पण डब्यातलं मांस तपासायचं तर डबा उघडावाच लागतो. खुद्द कर खात्याच्या प्रमुखांनी मे २०१८ मध्ये संसदेच्या समितीला सांगितलं की अशा योजनेत एका डिक्लरेशनमागे सरासरी साडेबत्तीस पौंड खर्च येईल आणि उद्योगांवर वर्षाला २० अब्ज पौंडांपर्यंत बोजा पडेल. बातमी आठवडाभर चालली, मग विरली.

वाटाघाटींची मोठी चूक माझ्या मते तारखेची. २९ मार्च २०१७ ला ब्रिटननं कलम ५० खालची, म्हणजे युरोपीय संघ सोडण्याची औपचारिक नोटीस दिली आणि दोन वर्षांची मुदत सुरू झाली. आपल्याला काय हवं यावर स्वतःच्या मंत्रिमंडळात एकमत नसताना. मग जूनमध्ये मे बाईंनी निवडणूक घेतली आणि होतं ते बहुमत गमावलं. सरकार टिकवायला ब्रिटनशी जोडलेलं राहायचं म्हणणाऱ्या उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाचे १० खासदार लागले, आणि समुद्रात सीमा आली तर त्या पक्षाचा जीवच जाणार होता. युरोपीय संघ एका आवाजात बोलत होता. आमच्याकडे ब्रेक्झिट मंत्रीच राजीनामे देत होते, आधी डेव्हिड डेव्हिस, मग डॉमिनिक राब. डोव्हर-कॅले मार्गावर देश किती अवलंबून आहे हे आपल्याला पुरतं कळलं नव्हतं, असं राब नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीरपणे म्हणाले. सार्वमत होऊन तेव्हा अडीच वर्षं होत आली होती. ते वाक्य मी रेडिओवर ऐकलं आणि लॉरी यार्डात काही मिनिटं तसाच उभा राहिलो.

मे यांचा करार ५८५ पानांचा. त्यात आयर्लंडसाठी 'बॅकस्टॉप' होता: दुसरा उपाय सापडेपर्यंत सगळं ब्रिटन युरोपीय संघाबरोबर एका कस्टम्स क्षेत्रात राहील. वरच्या तीन गोष्टींतली पहिली गोष्ट पातळ करून उरलेल्या दोन वाचवायचा तो प्रयत्न होता, आणि तो प्रामाणिक होता असं मी आजही म्हणतो. १५ जानेवारी २०१९ ला संसदेनं तो ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. मार्चमध्ये आणखी दोनदा फेटाळला. कट्टर बाजू म्हणाली यात आपण कायमचे अडकू, राहा म्हणणारे म्हणाले याहून राहणं बरं, डीयूपी म्हणाला उत्तर आयर्लंडला वेगळं वागवताय. तिघांची कारणं तीन, मत एकच: नाही.

माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वांत बोलका दिवस २७ मार्च २०१९. खासदारांनी सरकारला बाजूला सारून स्वतःच आठ पर्याय मतदानाला घातले. करार न करता निघणं, कस्टम्स युनियन, नॉर्वेच्या धर्तीवरची व्यवस्था, पुन्हा सार्वमत, नोटीस मागे घेणं. आठपैकी एकालाही बहुमत मिळालं नाही. १ एप्रिलला चार पर्याय पुन्हा घेतले. कस्टम्स युनियनचा पर्याय २७३ विरुद्ध २७६, तीन मतांनी पडला. तीन! दोन खासदार इकडचे तिकडे झाले असते तर त्या दिवशी निदान एका गोष्टीला तरी सभागृहात बहुमत दिसलं असतं. त्या काळात नोटीस मागे घ्या म्हणणाऱ्या ऑनलाइन अर्जावर ६० लाखांहून जास्त सह्या झाल्या होत्या आणि संसदेबाहेर दुसऱ्या बाजूचे लोक विश्वासघात झाला म्हणून ओरडत होते. दोन्हीकडची माणसं खरी होती, दोन्हीकडे डोळ्यांत पाणी पाहिलंय मी.

'करार नाही झाला तरी चालेल' ही भाषा याच सुमारास वाढली. तयारी काय होती? जानेवारी २०१९ मध्ये केंटमधल्या मॅनस्टनच्या जुन्या विमानतळावर लॉऱ्यांच्या कोंडीची रंगीत तालीम झाली. आल्या ८९ लॉऱ्या. ज्या मार्गावर दिवसाला हजारो धावतात, त्याची तालीम ८९ मध्ये. देशात वर्षाला साडेपाच कोटी कस्टम्स डिक्लरेशन्स होत होती आणि आणखी वीस कोटी लागतील असा सरकारी अंदाज होता. ती भरायला शिकलेली माणसं एवढी आणायची कुठून? मी तेव्हा संध्याकाळी नवीन पोरांना शिकवायला बसायचो: कमोडिटी कोड, म्हणजे मालाचा वर्गीकरण क्रमांक, कसा काढायचा, मालाचं मूळ कुठलं हे कसं सिद्ध करायचं. एका पोरीनं विचारलं, "साखर ब्राझीलची, पीठ फ्रान्सचं, बिस्किट इंग्लंडमध्ये भाजलं, मग बिस्किट कुठलं?" प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर करारावर अवलंबून होतं आणि करार झालेला नव्हता.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. मे यांच्या जागी बोरिस जॉन्सन पंतप्रधान झाले, संसद स्थगित केली, सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायमूर्तींनी ती स्थगिती बेकायदा ठरवली. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांनी नवा करार आणला आणि तीनपैकी तिसरी गोष्ट सोडली: सीमा आयरिश समुद्रात गेली. डिसेंबरच्या निवडणुकीत ८० चं बहुमत मिळालं आणि ३१ जानेवारी २०२० ला रात्री ११ वाजता, म्हणजे ब्रसेल्सच्या मध्यरात्री, ब्रिटन बाहेर पडलं. उत्तर आयर्लंडच्या व्यापाऱ्यांना मात्र जॉन्सन निवडणुकीआधी सांगून आले होते की कोणी फॉर्म भरायला सांगितला तर तो कचऱ्यात टाका. मला याचंच सर्वांत वाईट वाटलं. करारात लिहिलेलं आणि व्यासपीठावर बोललेलं यात एवढी तफावत पडली की तिथल्या माणसांनी विश्वास कशावर ठेवायचा? जुने नियम २०२० च्या अखेरपर्यंत चालू राहिले. १ जानेवारी २०२१ पासून स्कॉटलंडमधली रोपं बेलफास्टला जाईनाशी झाली, कारण मुळांना माती होती. एकाच देशातली माती.

व्यापार करार झाला २४ डिसेंबर २०२० ला, बाराशेहून जास्त पानांचा, आणि लागू झाला आठवड्याभरात. लेस्टरचा एक मिठाईवाला माझा जुना ग्राहक. दिवाळीला डब्लिनच्या दुकानांत पेढे आणि बर्फी पाठवायचा. त्यानं सोडा म्हणून मत दिलं होतं. जानेवारीत फोन आला: पेढ्यात दूध, म्हणून खोक्याबरोबर निर्यात आरोग्य प्रमाणपत्र हवं आणि त्यावर सरकारमान्य पशुवैद्याची सही हवी. बारा खोकी माल, पशुवैद्याची फी मालाच्या नफ्याहून जास्त. तो म्हणाला, "ड्युटी शून्य आहे ना? टीव्हीवर सांगितलं की." ड्युटी शून्यच होती. मी त्याला तेच सांगत राहिलो, की ड्युटी वेगळी आणि तपासणी वेगळी. पुढच्या दिवाळीपासून डब्लिनला पाठवणं त्यानं बंद केलं.

मग काय करता आलं असतं? न्यूझीलंडनं निवडणूक पद्धत बदलायची होती तेव्हा १९९२ मध्ये लोकांना दोन प्रश्न विचारले: बदल हवा का, आणि हवा तर कोणता. १९९३ मध्ये जिंकलेला पर्याय जुन्या पद्धतीपुढे ठेवून पुन्हा कौल घेतला. ब्रिटनला हे जमलं असतं. निदान नोटीस द्यायच्या आधी सर्व पक्षांनी बसून 'कोणती सीमा, कुठे' एवढं ठरवायला हवं होतं. तसं ठरलं असतं तर ब्रेक्झिट कदाचित लवकर झालं असतं, आणि हे मी राहा म्हणणाऱ्या बाजूचा असून लिहितोय.

स्विंडनच्या काकींचं विचाराल तर त्यांना सेटल्ड स्टेटस, म्हणजे इथे कायम राहायचा हक्क, मिळाला. सरकार आधी त्या अर्जासाठी ६५ पौंड घेणार होतं, मग जानेवारी २०१९ मध्ये फी रद्द केली. ३० जून २०२१ च्या मुदतीपर्यंत साठ लाखांच्या आसपास अर्ज आले. त्यांचा मी भरून दिला. पाच वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा म्हणून काय काय जमवलं होतं त्यांनी: पगाराच्या स्लिपा, कौन्सिल टॅक्सची पत्रं, एका पिशवीत घडी करून.

उत्तर आयर्लंडची व्यवस्था फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर फ्रेमवर्कनं, म्हणजे ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यातल्या नव्या समझोत्यानं, सौम्य झाली. तिथेच राहणाऱ्या मालाला हिरवी मार्गिका, पुढे दक्षिणेत जाऊ शकणाऱ्या मालाला लाल. रोपं आता एका लेबलावर जातात, मातीसकट. आणि १० डिसेंबर २०२४ ला बेलफास्टच्या स्टॉर्मॉंट विधानसभेत ही व्यवस्था चालू ठेवायची का यावर मतदान झालं. या वेळी सदस्यांपुढे कलमांचे क्रमांक होते, कोणत्या मालाला कोणता कागद लागतो ते माहीत होतं आणि मुदतही ठरलेली होती. ४८ विरुद्ध ३६ मतांनी ती चार वर्षांसाठी चालू राहिली.